जुन्या प्रिंटरवर पाठपोट छपाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी, क्लासमध्ये किंवा ऑफिसात एचपी लेझरजेट १०२०, कॅनन एलबीपी २९०० यांसारखा जुना लेझर किंवा मागून कागद घेणारा इंकजेट अजून ठणठणीत आहे, पण कागद आपोआप उलटायची सोय त्यात नाही, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. प्रश्न आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या शेजाऱ्यांचे आहेत, शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या पोरापोरींचे आहेत आणि गणपतीच्या तोंडावर धावत येणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्यांचेही आहेत.

माझ्या प्रिंटरला पाठपोट येतच नाही असं दुकानदार म्हणाला. मग छापायचं कसं?

प्रिंटरला कागद उलटता येत नाही, तुम्हाला येतो. आधी सगळ्या कागदांची एक बाजू छापून घ्यायची, गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये घालायचा आणि दुसरी बाजू छापायची. घोळ होतो तो गठ्ठा परत घालताना. छापलेली बाजू वर की खाली आणि मजकुराचं डोकं आत की बाहेर, अशा चार शक्यता असतात. तुमच्या प्रिंटरला त्यातली एकच चालते. शेजाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलेली पद्धत त्याच्या प्रिंटरची असते, हे लक्षात ठेवा.

मग माझ्या प्रिंटरची पद्धत कोणती, हे कसं कळणार?

एक कागद खर्ची घाला. ट्रेमध्ये एकच कोरा कागद ठेवा. ट्रेमध्ये असताना त्याची जी बाजू तुम्हाला दिसते तिच्यावर पेन्सिलीनं फुली मारा आणि प्रिंटरच्या आत आधी जाणाऱ्या कडेकडे बाण काढा. पेन्सिलच वापरा, जेलपेनची ओली शाई रोलरला लागते. आता कुठलंही मजकुराचं एक पान छापा आणि बाहेर आलेला कागद हातात घेऊन दोनच गोष्टी बघा. मजकूर फुलीच्या बाजूला आला की पाठीमागे? मजकुराचं डोकं बाणाच्या कडेला आलं की उलट्या कडेला?

मजकूर फुलीच्याच बाजूला आला असेल, तर तुमचा प्रिंटर ट्रेमधल्या दिसणाऱ्या बाजूवर छापतो. म्हणजे दुसऱ्या वेळी कोरी बाजू दिसेल असा गठ्ठा घालायचा. मजकूर पाठीमागे आला असेल, तर छापलेली बाजू दिसली पाहिजे. डोकं बाणाकडे असेल तर दुसऱ्या वेळीही डोकं आधी आत गेलं पाहिजे.

कॅनन २९०० आणि एचपी १०२० यांच्यात कागद समोरून आत जातो, मागं वळतो आणि वरच्या बाजूला पालथा पडतो. त्यामुळे वर पडलेला गठ्ठा उलटायचाच नाही. आहे तसा पालथाच उचलायचा, टेबलावर ठेवून अर्धा फेरा फिरवायचा, म्हणजे डोकं प्रिंटरकडे येतं, आणि ट्रेमध्ये सरकवायचा. मागून उभा कागद घेऊन पुढं उताणा टाकणाऱ्या इंकजेटमध्ये गठ्ठा पुस्तकाचं पान उलटल्यासारखा उलटायचा आणि डोकं खाली करून मागच्या ट्रेमध्ये उभा करायचा. खालच्या ट्रेमधून समोरूनच कागद घेऊन समोरच टाकणारे जुने डेस्कजेट ट्रेमधल्या कागदाच्या खालच्या बाजूवर छापतात. त्यात छापलेली बाजू वर ठेवायची, डोकं आत.

उत्तर मिळालं की चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवा. "पालथा, डोकं आत" एवढे तीन शब्द पुरे होतात. चिठ्ठी बाहेर हवा जाण्याच्या जाळीवर मात्र चिकटवू नका.

आधी विषम पानं छापायची की सम?

विषम आधी, म्हणजे १, ३, ५ असं. दुसऱ्या फेरीत सम पानं कोणत्या क्रमानं द्यायची, ते प्रिंटरवर अवलंबून आहे.

पालथा टाकणाऱ्या लेझरमध्ये पहिलं पान सगळ्यात खाली जातं आणि शेवटचं वर राहतं. गठ्ठा तसाच ट्रेमध्ये गेला की प्रिंटर वरचा कागद, म्हणजे शेवटचा, आधी ओढतो. म्हणून सम पानं उलट्या क्रमानं द्यावी लागतात. वीस पानांचं काम असेल तर २०, १८, १६ असं खाली २ पर्यंत. पीडीएफ रीडरच्या प्रिंट खिडकीत "इव्हन पेजेस ओन्ली" निवडा आणि "रिव्हर्स पेजेस"वर टिक करा. दुसरी फेरी संपली की पान १ सगळ्यात वर, तोंड वर करून तयार असतं, काहीच लावावं लागत नाही.

मागून कागद घेणाऱ्या इंकजेटमध्ये गठ्ठा उलटल्यावर पान १ चा कागद आपसूक पुढं येतो, त्यामुळे सम पानं सरळ क्रमानंच द्या, "रिव्हर्स" नको.

एकूण पानं विषम असतील तर? माझ्या प्रकल्पाची ३७ झालीत.

शेवटच्या कागदाला पाठ छापायची नाही. लेझरमध्ये तो कागद गठ्ठ्याच्या सगळ्यात वर असतो. दुसऱ्या फेरीआधी तो बाजूला काढायचा विसरलात तर पान ३६ त्याच्याच पाठीवर छापलं जातं आणि पुढचं सगळं एकेका कागदानं सरकतं. पाठपोटचे बिघडलेले जे गठ्ठे माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा रोग हाच. यावर सोपा उपाय म्हणजे फाइलच्या शेवटी एक कोरं पान घालून संख्या सम करून टाकायची.

ड्रायव्हरमध्येच "प्रिंट ऑन बोथ साइड्स (मॅन्युअली)" आहे. ते वापरलं तर हे सगळं करायचं कारण काय?

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात हा पर्याय असेल तर जरूर वापरा. क्रम तोच लावतो, मध्ये थांबतो आणि गठ्ठा कसा घालायचा त्याचं चित्रही पडद्यावर दाखवतो. काही प्रिंटरना पुढं जाण्यासाठी बटण असतं. १०२० ला तसं बटण नाही, तिथं पडद्यावरच "कंटिन्यू" दाबायचं.

पण एक सांगतो. ड्रायव्हर दुसरी बाजू आपल्या सोयीनं उलटी फिरवूनही छापू शकतो, त्यामुळे त्याच्या चित्रात डोकं बाहेर आणि तुमच्या चिठ्ठीवर डोकं आत, असं होऊ शकतं. दोन्ही बरोबरच असतात. ड्रायव्हरनं छापताना त्याचं चित्र मानायचं, हातानं सम-विषम छापताना आपली चिठ्ठी. दोन्हींची भेळ केली की पाठीमागची पानं डोकं खाली घेऊन येतात.

हा पर्याय करडा दिसत असेल किंवा नसेलच, तर एचपीच्या बऱ्याच ड्रायव्हरमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, डिव्हाइस सेटिंग्ज इथं "अलाऊ मॅन्युअल ड्युप्लेक्सिंग" चालू करावं लागतं. विंडोजनं आपणहून घातलेल्या साध्या ड्रायव्हरमध्ये पुष्कळदा ते नसतंच. मग सम-विषमचा मार्ग आहेच.

वर्डमध्ये कुठं सापडेल?

प्रिंटच्या पानावर "प्रिंट वन साइडेड" लिहिलेल्या चौकटीत "मॅन्युअली प्रिंट ऑन बोथ साइड्स" आहे. फक्त विषम किंवा फक्त सम पानं निवडायची सोयही पानांच्या निवडीच्या यादीत खाली सापडते. माझं मत विचाराल तर वर्डमधून थेट छापूच नका, आधी पीडीएफ करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नसला की वर्डची फाइल लांबते, पानं सरकतात आणि विषमच्या पाठीवर भलतंच सम येतं. पीडीएफमध्ये पान जागचं हलत नाही. ब्राउझर आणि मोबाइलमधल्या फाइलींनाही हाच सल्ला.

एक्सेल तर पीडीएफ केल्याशिवाय पाठपोट छापूच नये. प्रत्येक शीट ते वेगळं काम म्हणून पाठवू शकतं आणि मग पहिल्या शीटची पाठ कोरी राहून दुसरी नव्या कागदावर सुरू होते.

मध्येच दोन कागद एकदम ओढले आणि पुढची सगळी पानं चुकली! काय करायचं?

पाठपोटच्या कामातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच. पहिल्या फेरीत दोन कागद गेले तर मध्ये एक कोरा कागद येतो, तो काढून टाकला की झालं. दुसऱ्या फेरीत गेले तर तिथून पुढच्या प्रत्येक कागदावर चुकीची जोडी लागते.

म्हणून मोठं काम एकदम देऊ नका. ९६ पानांचा प्रबंध असेल तर १ ते ४०, मग ४१ ते ८०, मग ८१ ते ९६ असे तुकडे करा. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी पुरा झाल्यावरच पुढचा. चुकलंच तर वीस कागदांवर भागतं. आणि दुसऱ्या फेरीचे पहिले दोन कागद बाहेर आले की उचलून पाने जुळतात का बघा. तेवढा वेळ चहा थांबू शकतो.

आता दोन कागद का जातात ते. लेझरमध्ये टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग, म्हणजे फ्यूझर, चांगलाच तापतो. त्या उष्णतेनं कागदातला ओलावा उडतो, कागद वाकतो आणि त्यात स्थिर वीज भरते. असे गरम, बाक आलेले कागद एकमेकांना चिकटतात. पहिली फेरी झाल्यावर गठ्ठा पाच-दहा मिनिटं टेबलावर पडू द्या, वर जाडजूड पुस्तक ठेवा. मग कडेला धरून पत्त्यांसारखा फरफरवा, चारी कडा टेबलावर ठोकून सारख्या करा आणि ट्रेच्या पट्ट्या कागदाला जेमतेम टेकतील अशा सरकवा. दाबून बसवल्या तरी कागद अडकतो.

एवढं करूनही दोन-दोन जात असतील तर दोष रबराचा. कागद ओढणारा पिकअप रोलर वर्षानुवर्षांच्या कागदाच्या धुळीनं गुळगुळीत होतो आणि त्याच्यासमोरचा सेपरेशन पॅड झिजतो. रोलर घसरला तर कागद ओढलाच जात नाही, पॅड झिजला तर दोन जातात. प्रिंटर बंद करून, थंड झाल्यावर, धागे न सुटणारं कापड पाण्यानं किंचित ओलं करून रोलर पुसा. पॅड झिजलाच असेल तर बदलून घ्या. अशा लोकप्रिय जुन्या मॉडेलचे हे दोन्ही सुटे भाग प्रिंटर दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतात.

उन्हाळ्यात नीट चालतो, पावसाळ्यात रोज अडकतो. असं का?

कागद हवेतला ओलावा पितो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागते त्या दिवसांत आपल्याकडची हवा कशी असते हे वेगळं सांगायला नको. ट्रेमध्ये उघडा राहिलेला कागद तेव्हा हाताला गार आणि लिबलिबीत लागतो. पहिल्या फेरीत तो फ्यूझरखालून वाळून वाकडा होतो, दुसऱ्या फेरीत अडकतो. ओल्या कागदावर टोनरही फिका बसतो.

जून ते सप्टेंबर ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद ठेवा. उरलेला रिम मूळच्या वेष्टणात, वरून प्लास्टिकची पिशवी, आणि लोखंडी कपाटात, फरशीपासून वर. मऊ पडलेला कागद इस्त्रीनं वाळवायचा उद्योग मात्र करू नका, तो सरळ होण्याऐवजी लाटा घेऊन बसतो.

पाठीमागचा मजकूर पुढून दिसतो. कागद कोणता घ्यावा?

७० जीएसएमचा कागद एका बाजूला ठीक, पाठपोटला पातळ. ७५ घ्या, ठळक मथळे किंवा चित्रं असतील तर ८०. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ आकाराचा ७५ चा कागद साधारण पावणेपाच ग्रॅमचा आणि पाचशेचा रिम २.३ किलोच्या आसपास. रिम हातात हलका लागला तर वेष्टणावरचा आकडा वाचा.

इंकजेटला किती वेळ थांबायचं?

मजकूर असेल तर दहा-पंधरा मिनिटं, पावसाळ्यात जास्त. चित्रं असतील तर पानं सुटी पसरून ठेवा. बोट फिरवून शाई पसरली नाही, तर दुसरी बाजू घ्या. साध्या कागदावर दोन्ही बाजूंना गडद रंगाची चित्रं छापायचा हट्ट धरू नका, कागद भिजून लाटा घेतो आणि हेडला घासतो.

लेझरमध्ये पहिल्या बाजूचा मजकूर दुसऱ्या फेरीत पुसट उमटतो किंवा फासला जातो.

दुसऱ्या फेरीत पहिल्या बाजूचा टोनर पुन्हा फ्यूझरमधून जातो. मूळ टोनर ते सहन करतो. स्वस्तात भरलेली पावडर नीट बसलेली नसते, ती सुटून प्रेशर रोलरला लागते आणि पुढच्या कागदावर उमटते. पहिली फेरी झाल्यावर बोटानं चोळून बघा. काळं लागलं तर पावडर तरी हलकी आहे नाहीतर फ्यूझरवरचं टेफ्लॉनचं आवरण फाटलंय. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार "प्लेन" ऐवजी जाड केला की उष्णता वाढते आणि कधी कधी तेवढ्यानं भागतं.

मंडळासाठी आरत्यांची छोटी पुस्तिका करायचीय, मधे घडी घालून पिना मारायची. जमेल?

जमेल, आणि मजाही येईल. ए४ कागद आडवा धरून मधे घडी घातली की ए५ ची चार पानं होतात. म्हणून एकूण पानं चारच्या पटीत हवीत, १२, १६, २०. कमी पडली तर शेवटी वर्गणीच्या हिशोबाला जागा ठेवा!

सोळा पानांच्या पुस्तिकेला चार कागद लागतात. पहिल्या कागदाच्या पुढच्या बाजूला १६ आणि १, पाठीवर २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, पाठीवर ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, पाठीवर ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, पाठीवर ८ आणि ९. प्रत्येक बाजूच्या दोन आकड्यांची बेरीज १७ येते, जुळणी तपासायला एवढी खूण बास.

ही मांडणी हातानं करायची गरज नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये "बुकलेट" निवडा. तिथं "फ्रंट साइड ओन्ली" आणि "बॅक साइड ओन्ली" असे पर्याय आहेत आणि कितव्या कागदापासून कितव्यापर्यंत हेही विचारतो. पहिल्या पुस्तिकेला १ ते १ एवढाच कागद द्या, पुढची बाजू, मग पाठ. कागद कसा घालायचा ते त्यातच कळतं, कारण आडव्या पानाला नेहमीची चिठ्ठी लागू पडेलच असं नाही. १ च्या पाठीमागे २ सरळ आलं की पद्धत सापडली. चार कागद एकेक करून काढले तरी काय वेळ लागत नाही.

पिना मारायला लांब हाताचा स्टेपलर नसेल तर साधा स्टेपलर पूर्ण उघडा, पुस्तिका उघडून पालथी करून थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवा आणि घडीच्या रेषेवर दोन पिना दाबा. थर्मोकोलमध्ये घुसलेली टोकं बाहेर काढून चमच्याच्या दांड्यानं आत वळवा.

एकाच पत्रकाच्या दोनशे प्रती, पाठपोट?

हे सगळ्यात सोपं, कारण क्रमाचा प्रश्नच नाही. एक बाजू शंभर प्रती, गठ्ठा घाला, दुसरी बाजू शंभर. मग पुन्हा तेच. ट्रे दीडशे कागदांची असली तरी दुसऱ्या फेरीत गच्च भरू नका. बहुपानी कामाच्या अनेक प्रती हव्या असतील तर मात्र एकेक प्रत पुरी करत जा.

पुढचं आणि मागचं पान तंतोतंत एकावर एक येत नाही.

येणार नाही. घरच्या प्रिंटरला एक-दोन मिलिमीटर इकडं तिकडं चालायचंच. पानाला चौकट काढली नाही की कुणाच्या लक्षातही येत नाही. पाठपोट व्हिजिटिंग कार्ड मात्र प्रेसमधूनच करून घ्या.

बाइंडिंगसाठी समास किती सोडू?

स्पायरलला दीड-दोन सेंटिमीटर. पाठपोटमध्ये विषम पानाला डावीकडे आणि सम पानाला उजवीकडे जागा लागते, वर्डमध्ये त्यासाठी "मिरर मार्जिन्स" आहे. नाहीतर सम पानांची शेवटची अक्षरं स्पायरलच्या भोकात जातात.

कोर्टाच्या कागदांना पाठपोट चालतं का?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि हा प्रश्न वाढला. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० च्या परिपत्रकानं तिथल्या कामासाठी ए४ कागद, किमान ७५ जीएसएम, दोन्ही बाजूंनी छपाई असं ठरवलं आणि समास डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर ठेवला. दोन्हीकडे सारखा समास असला की पाठपोटमध्ये मिररची भानगडच उरत नाही. पण नियम न्यायालयागणिक वेगळे असतात, तेव्हा जिथं दाखल करायचंय तिथल्या फाइलिंग विभागाला विचारूनच छापा.

पाठकोरे कागद वापरू का?

घरच्या कच्च्या कामाला खुशाल. पिना काढा, दुमडलेले कोपरे असलेले कागद बाजूला करा, इंकजेटचा चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये चुकूनही घालू नका, त्याचा लेप फ्यूझरला चिकटतो. आणि पाठीवर काय आहे ते वाचा. क्लासच्या नोट्सच्या पाठीमागे कुणाच्या आधार कार्डाची झेरॉक्स गावभर फिरलेली मी पाहिली आहे.

दोन फेऱ्यांच्या मध्येच लाइट गेली तर?

शेवटचं कोणतं पान बाहेर आलं ते कागदावर लिहून ठेवा आणि लाइट आल्यावर तिथून पुढची पानं द्या. अडकलेला अर्धवट कागद हळू, दोन्ही हातांनी काढा. फ्यूझर गरम असतो. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका, फ्यूझर तापताना तो एकदम जास्त वीज खेचतो.

पाठपोटनं टोनर वाचतो का?

नाही, फक्त कागद. एचपी १०२० च्या १२ए कार्ट्रिजची (टोनरच्या डब्याची) २,००० पानं म्हणजे छापलेल्या २,००० बाजू, त्याही पानावर पाच टक्केच शाई धरून. शंभर कागद पाठपोट छापले की त्यातल्या दोनशे संपल्या.

सगळं छापून झालं आणि पान २३ वर चूक सापडली.

२३ च्या पाठीवर २४ आहे, त्यामुळे दोन्ही पुन्हा काढा, आधी २३, मग त्याच कागदावर २४. दुरुस्तीनं मजकूर वाढून पुढच्या पानावर गेला तर त्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत सगळं बदलावं लागतं. म्हणून लांब कामात प्रत्येक प्रकरण विषम पानावर सुरू करा, मग चूक त्या प्रकरणाबाहेर पसरत नाही.